घेवड्याचा वेल : कष्ट, कुटुंब आणि कारकीर्द यांविषयी

गेल्या सत्रात आम्ही पदवीच्या वर्गाला एक निबंध लिहावयास सांगितला होता. विषय नेहमीचाच होता : आपल्या परिसरातील एक यशस्वी व्यक्ती. शिरोळ तालुक्यातली मुले अशा विषयावर साधारणतः काय लिहितात हे आम्हांला पाठ आहे. सहकारातले एखादे बडे नाव, स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेला गावातला कोणी अधिकारी, क्वचित एखादा पैलवान. नृसिंहवाडीहून येणाऱ्या एका मुलाने मात्र कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव याच्यावर लिहिले. निबंध नीटनेटका होता. गरिबी, कष्ट, आईवडिलांचा त्याग, गुरूंचे मार्गदर्शन, आणि शेवटी यश. शेवटच्या परिच्छेदात 'प्रयत्नांती परमेश्वर' होताच. आम्ही बरे गुण दिले आणि वही परत केली.

पुढे काही दिवसांनी वाडीच्या घाटावर तो मुलगा भेटला. बोलता बोलता कळले की त्याचा थोरला भाऊ कोल्हापुरात एका नामांकित संघाकडून तीन हंगाम खेळलेला होता. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रियेपुरते पैसे जमले नाहीत, आणि आता तो देवळाच्या वाटेवरील पेढ्यांच्या एका दुकानात गल्ल्यावर बसतो. आम्ही विचारले, "मग हे का नाही लिहिलंस?" मुलगा जरा गोंधळला. म्हणाला, "सर, विषय यशस्वी व्यक्तीचा होता."

हे उत्तर आम्हांला तेव्हापासून छळते आहे. मुलाचे काहीच चुकले नव्हते. विषय आमचाच होता. पण ज्या घरात फुटबॉल नावाच्या गोष्टीची खरी किंमत मोजली गेली, त्या घरातल्या मुलालाही लिहायला बसल्यावर आपल्या घराबाहेरचीच गोष्ट सुचावी आणि तीही इतर शेकडो निबंधांतून उचललेल्या साच्यात सुचावी, याची जबाबदारी साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींकडे येते. प्रस्तुत लेखाचा हेतू या साच्याकडे जरा जवळून पाहण्याचा आहे.

प्रथम ज्याच्यावर निबंध होता त्याच्याविषयी थोडे. अनिकेत जाधवचा जन्म २००० सालचा, कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, त्या भारतीय संघात तो आघाडीला खेळला. भारताचा कोणताही फुटबॉल संघ फिफाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तीनही सामने भारत हरला. पण त्या मुलांची नावे घरोघरी पोहोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये याच मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ आय-लीगमध्ये उतरला. चेन्नई सिटीविरुद्धचा पहिला सामना त्यांनी ३-० असा जिंकला आणि त्यातले दोन गोल अनिकेतचे होते. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२२ च्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवणाऱ्या हैदराबाद संघात तो होता, आणि त्याच महिन्यात बहारीन व बेलारूस यांच्याविरुद्धच्या सामन्यांसाठी वरिष्ठ राष्ट्रीय संघातही आला. २०१७ साली वृत्तपत्रांनी त्याची ओळख करून दिली ती मुख्यतः एका वाक्यात : रिक्षाचालकाचा मुलगा विश्वचषकात.

हे वाक्य खोटे नाही. परंतु त्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्याच्या एका टोकाला रिक्षा आहे आणि दुसऱ्या टोकाला विश्वचषक. मधले सारे अंतर वाचकाने 'कष्ट' या एका शब्दाने भरून काढायचे आहे. मुलाखत घेणारा तोच प्रश्न विचारतो आणि सतरा वर्षांचा मुलगा त्याला अपेक्षित उत्तर देतो. जगभरचे व्यावसायिक फुटबॉलपटू आपल्या वाटचालीविषयी बोलतात तेव्हा बहुधा याच तीन खुंट्यांना धरून बोलतात : मेहनत, घरच्यांचा पाठिंबा, आणि कारकिर्दीतले पुढचे पाऊल. ही उत्तरे सपक असतात म्हणून साहित्याच्या माणसांनी त्यांकडे दुर्लक्ष करण्याची प्रथा आहे. आम्हांला वाटते की त्या सपकपणाचाच अभ्यास व्हायला हवा. माणसे आपल्या आयुष्यातील सर्वांत तीव्र अनुभवाविषयी सर्वांत गुळगुळीत भाषेत बोलतात, तेव्हा तिथे काहीतरी झाकले जात असते.

या साच्याचे मूळ शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या ज्या संगमावर आमची वाडी वसली आहे, त्याच परिसरातली एक कथा सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त, अठराव्या अध्यायात आहे. अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण राहत असे. दारात घेवड्याचा वेल होता. ज्या दिवशी भिक्षा मिळत नसे त्या दिवशी त्या शेंगांवर घर जेवत असे. श्रीगुरू नृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले, आणि जाताना त्यांनी तो वेलच तोडून टाकला. घरची बाई रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढून टाकण्यासाठी खणायला घेतले, तो खाली द्रव्याने भरलेला हंडा लागला. वाडीत पारायणाला बसलेला प्रत्येक माणूस ही कथा जाणतो. आधी आधार तुटतो, मग शंका येते, मग श्रद्धेने खणले की हंडा सापडतो.

खेळाडूच्या यशोगाथेचा सांगाडा नेमका हाच आहे. मुलगा शाळेकडे पाठ फिरवतो, घरची चालू कमाई बुडते, आई डोळ्यांत पाणी आणते, बाप धीर देतो. मग करार, बातमी, सत्कार. श्रद्धाकथा म्हणून घेवड्याच्या वेलाची कथा अतिशय सुंदर आहे आणि तिच्यात तिची स्वतःची सचोटी आहे : हंडा कृपेने सापडला असे ती स्पष्ट सांगते. आजची यशोगाथा मात्र कृपेच्या जागी कष्ट हा शब्द ठेवते आणि कथेचा शेवट तसाच राखते. परिणामी एक विचित्र हिशेब तयार होतो. कृपेने हंडा मिळाला नाही तर माणूस दैवाला बोल लावून मोकळा होतो; कष्टाने हंडा मिळतोच असे ठरले, तर ज्याला मिळाला नाही तो कामचुकार ठरतो. वेल तर त्याच्याही दारातला तुटलेला असतो. पेढ्यांच्या दुकानातल्या त्या तरुणाला कोणी आळशी म्हटलेले नाही, परंतु धाकट्या भावाच्या निबंधात त्याला जागा नव्हती, याचा अर्थ याहून वेगळा काय?

'कष्ट' हा शब्दच जरा निरखून पाहू. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत : श्रम आणि क्लेश. 'कष्ट केले' म्हणताना आपण काम सांगतो, 'कष्ट झाले' म्हणताना वेदना सांगतो. मुलाखतीत फक्त पहिला अर्थ टिकतो, कारण 'केले' मध्ये कर्तृत्व आहे. दुसरा अर्थ गळून पडतो. सुजलेला घोटा, उन्हाळ्यातल्या टणक मैदानावर सोललेले गुडघे, वसतिगृहातल्या पहिल्या महिन्यातले रात्रीचे रडणे, राखीव खेळाडूंच्या बाकावर नव्वद मिनिटे बसून राहण्याची नामुष्की, हे सारे 'झालेले' कष्ट आहेत. यशस्वी माणसाला ते नंतर सांगता येतात, कारण यशामुळे त्यांना किंमत येते. अपयशी माणसाला ते सांगण्याची सोयच उरत नाही. सांगितले तर ती तक्रार ठरते.

हा दुसरा अर्थ उघडपणे बोलणारा एक फुटबॉलपटू आम्हांला आठवतो. जर्मनीचा पेर मेर्टेसाकर हा २०१४ च्या विश्वविजेत्या संघातला बचावपटू, देशासाठी शंभरावर सामने खेळलेला. २०१८ साली, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, 'डेअर श्पिगेल' या साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत त्याने सांगितले की सामन्याच्या दिवशी आपल्याला मळमळत असे, पोट बिघडत असे. २००६ मध्ये मायदेशातल्या विश्वचषकात उपांत्य सामना हरल्यावर दुःखासोबत सुटल्याची भावनाही मनात आली होती. काही माजी खेळाडूंनी त्याच्यावर टीका केली. एवढे बोलूनही, पुन्हा संधी मिळाली तर आपण हेच आयुष्य निवडू, असेही तो म्हणाला. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवणे हेच खरे आत्मकथन होय. पहिले विधान एकटे आले असते तर ती तक्रार झाली असती, दुसरे एकटे आले असते तर जाहिरात.

आता कुटुंब. यशोगाथेतले कुटुंब एकदिलाने पाठीशी उभे असते. वास्तवातली घरे अशी नसतात हे मराठी साहित्याला ठाऊक आहे, आणि ते सर्वांत ठणठणीतपणे सांगणारे पुस्तक याच जिल्ह्यातले आहे. कागलच्या आनंद यादवांचे 'झोंबी' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. शाळा शिकू पाहणाऱ्या पोराला बापाने शेतात जुंपले आहे. आईला सोबत घेऊन, गावातल्या एका वजनदार माणसामार्फत बापाला राजी करावे लागते. शीर्षकच कुस्तीतले आहे. इथे कुटुंब हे प्रेरणास्थान आहे आणि प्रतिस्पर्धीही आहे. बापाला खलनायक न ठरवता, आईला देवता न करता, घरातल्या दारिद्र्याने प्रत्येकाला काय करायला लावले हे लेखक सांगतो. पुस्तकाच्या शेवटी आपण लेखकाच्या यशाने दिपत नाही. त्या यशाखाली कोणाकोणाचे काय दबले आहे ते दिसत राहते.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाच्या घरात हा हिशेब आणखी बारीक असतो. बुटांचा एक जोड म्हणजे घरातल्या कोणाचे तरी काहीतरी पुढे ढकललेले असते. अंडी आणि दूध एका पानात वाढले जाते तेव्हा शेजारच्या पानात ते नसते, आणि ते पान बहुधा बहिणीचे असते. पहाटे साडेचारला डबा भरणारी आई सगळ्या मुलाखतींत असते, परंतु तिचे त्या वेळचे वाक्य एकाही मुलाखतीत नसते. 'आईवडिलांनी खूप सोसले' या वाक्यात कृतज्ञता जरूर आहे. मात्र ती कृतज्ञता बेरजेच्या स्वरूपात येते, तपशील तिच्या पोटात विरघळून जातात. साहित्याचे काम नेमके तिथे सुरू होते, कारण तपशील परत मागणे हाच आपला धंदा आहे.

कुटुंब म्हणजे रक्ताचीच माणसे असेही नाही. कोल्हापुरात फुटबॉल संघांना क्लब म्हणण्याऐवजी तालीम म्हणण्याचा रिवाज आहे, ही बाहेरच्या वाचकाला गंमत वाटते. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावे मुळात पेठांतल्या कुस्तीच्या आखाड्यांची. राजर्षी शाहूंच्या काळात कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्यातून तालमींचे जाळे घट्ट झाले, आणि पुढे त्याच तालमींच्या अंगणात चेंडू आला. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की आख्खी पेठ मैदानात उतरते. यात प्रेम आहे तसा ताणही आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी हंगाम नासल्याच्या बातम्याही आपण वाचतो. परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट होती : मुलगा खेळायचा थांबला तरी तो पेठेचा राहत असे. तालमीच्या कट्ट्यावर त्याची जागा जात नसे.

याचे एक जुने उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण ते नीट वाचले जात नाही असे आमचे मत आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवण्यासाठी गावोगाव वर्गणी जमली आणि राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असा वृत्तान्त आहे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या खेळून ते पैसे फेडले. आपण ही कथा 'जिद्द' या शीर्षकाखाली सांगतो. परंतु तिचा गाभा कर्ज आणि परतफेड हा आहे. एका पैलवानाच्या पदकात एका शिक्षकाचे घर गुंतलेले आहे, गावकऱ्यांचे चार-चार आणे गुंतलेले आहेत. खाशाबांनी ते ओझे ओळखले म्हणून ते मोठे. पुढे त्यांना पोलीस खात्यात नोकरी करावी लागली, १९८४ मध्ये अपघाती निधन झाले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. केवळ कष्टांनी सारे काही मिळते, हे त्यांच्या चरित्राला धरून म्हणता येणार नाही.

तिसरा शब्द 'कारकीर्द'. हा फारसीतून आलेला. मराठीत तो पूर्वी राजाच्या राज्यकालासाठी वापरला जाई; अमक्या छत्रपतींची कारकीर्द, अमक्या पेशव्याची कारकीर्द. ती संपल्यावर बखरकार लिहीत असे. आज बावीस वर्षांच्या मुलाला त्याच्या कारकिर्दीविषयी विचारले जाते. शब्दातला राजेशाही थाट तसाच राहिला आहे, आणि त्याखालची जमीन मात्र सरकती आहे. ज्या हैदराबाद संघाने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवले, तिथे २०२३-२४ च्या हंगामात खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला जाऊन नव्या नावाचा झाला. २०२५ च्या जुलैत तर संयोजक कंपनी आणि राष्ट्रीय महासंघ यांच्यातला करार पुढे सरकेना म्हणून लीगचा आगामी हंगामच स्थगित ठेवण्यात आला. काही क्लबांनी सराव थांबवला, पगारही थांबवले. ज्या खेळाडूंनी लहानपणापासून सारे काही 'बरोबर' केले होते, त्यांचे शरीर तयार होते आणि मैदान बंद होते. यात कोणाचे कष्ट कमी पडले?

आम्हांला इथे खेळाडूंना दोष द्यावयाचा नाही. त्यांना मुलाखतीत वेगळे बोलण्याची मोकळीक फारशी नसते. करार असतात, पुढच्या हंगामाची काळजी असते, आणि खरे बोलायला लागणारी भाषा त्यांना कोणी दिलेली नसते. ती भाषा देणे हे ज्यांचे काम, त्यांनी क्रीडा हा विषय वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर सोडून दिला. वि. वि. करमरकरांसारख्यांनी मराठी पत्रकारितेत खेळाला हक्काचे पान मिळवून दिले, हे मोठे काम. परंतु पान मिळाले तरी गद्य मिळाले नाही. दया पवारांच्या 'बलुतं'पासून लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'पर्यंत आणि पुढेही, मराठी आत्मकथनाने श्रम, भूक, जात आणि घर यांविषयी बोलण्याची एक अजोड भाषा घडवली. ती भाषा फुटबॉलच्या मैदानापर्यंत पोहोचली नाही. कोल्हापूरच्या एखाद्या फुटबॉलपटूचे असे आत्मकथन, की जे वर्गात 'झोंबी'च्या शेजारी ठेवून शिकवता येईल, आम्हांला आजवर वर्गात न्यायला मिळालेले नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच एका सहकाऱ्याने घेतला. त्यांचे म्हणणे असे : गरीब मुलांना आशेची गरज असते. रिक्षाचालकाचा मुलगा विश्वचषकात खेळला हे ऐकून दहा मुले पहाटे उठून मैदानावर जात असतील, तर त्या कथेची चिरफाड करून तुम्हांला काय मिळते? तुमची घरे पगारावर चालतात, म्हणून तुम्हांला आशा स्वस्त वाटते.

आक्षेपात तथ्य आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. आशेवाचून कोणी चेंडूला पाय लावणार नाही. परंतु कोणत्या आशेविषयी आपण बोलतो आहोत? 'कष्ट केलेस तर हंडा सापडेल' ही एक आशा. 'कष्ट कर, हंडा सापडो न सापडो, तुझे कष्ट वाया गेले असे इथे कोणी म्हणणार नाही' ही दुसरी. पहिली आशा मुलाला मैदानावर नेते आणि गुडघा तुटल्यावर एकटे सोडून देते. दुसरी त्याच्यासोबत घरी येते. शिवाय पहिल्या आशेमुळे व्यवस्थेला सवलत मिळते. प्रत्येक गोष्ट खेळाडूच्या जिद्दीवर अवलंबून आहे असे एकदा मान्य केले की विमा कोणी उतरवायचा, शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करायचा, खेळापायी शिक्षण सुटलेल्या मुलाला पुन्हा वर्गात कसे घ्यायचे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. अनिकेतच्या वाटचालीतही कष्टांच्या जोडीला शासनाची एक निवासी संस्था होती, प्रशिक्षक होते, आणि भारताला यजमानपद मिळालेल्या नेमक्या त्या वर्षी नेमके ते वय असण्याचा योग होता. हे सांगितल्याने त्याचे श्रेय कमी होत नाही. उलट पुढच्या मुलासाठी काय काय उभे करायला हवे याची यादी हाती येते.

तेव्हा साहित्याच्या शिक्षकांनी काय करावे? आमची सूचना मर्यादित आहे. 'यशस्वी व्यक्ती' हा विषय निदान काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी मुलांना सांगावे की आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या अशा माणसाशी बोला ज्याने एखाद्या गोष्टीसाठी जीव टाकला. ती गोष्ट मिळाली की नाही हे दुय्यम. त्याची वाक्ये त्याच्याच बोलीत टिपून घ्या. 'खूप कष्ट केले' असे तो म्हणाला तर तिथे थांबू नका. किती वाजता उठायचास, काय खाऊन जायचास, बूट कोणाचे होते, ते विचारा. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज, सांगली या टापूतल्या महाविद्यालयांनी एवढे केले, तरी पाच वर्षांत एक असा संग्रह उभा राहील ज्याच्यापुढे आजच्या मुलाखती फिक्या पडतील. कदाचित त्यातूनच एखादा मुलगा उद्या ते न लिहिले गेलेले पुस्तक लिहील.

आम्ही स्वतःपासून सुरुवात केली. वाडीच्या त्या मुलाला निबंध पुन्हा लिहायला सांगितला. या वेळी भावावर. तीन आठवडे तो आला नाही. मग आला तेव्हा वहीत चार पाने होती. पहिली दोन पाने जुन्याच वळणाची. तिसऱ्या पानावर मात्र एक जागा अशी होती की आम्ही वाचता वाचता थांबलो. २०१९ च्या महापुरात वाडीत पाणी शिरले, देवाची उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली गेली, आणि घरातले सामान माळ्यावर चढवताना भावाने सर्वांत आधी स्वतःचे फुटबॉलचे बूट उचलले. त्याचा गुडघा त्याआधीच्या वर्षी गेलेला होता. ते बूट तो पुन्हा घालणार नव्हता. आई ओरडली की आधी धान्याचे पोते घे. भावाने पोते घेतले, पण बूट गळ्यात अडकवूनच.

या प्रसंगावर मुलाने कसलेही भाष्य केले नव्हते. पुढचे वाक्य पाणी ओसरल्यावर घर धुतल्याचे होते. आम्ही विचारले, भावाने हे वाचले का? तो म्हणाला, वाचले. मग काय म्हणाला? "म्हणाला, बरं लिवलंयस. पण माझं नाव घालू नको त्यात."

म्हणून त्याचे नाव आम्हीही येथे घातलेले नाही. दक्षिणद्वाराच्या सोहळ्याला, पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तेव्हा, लोक दुरून स्नानाला येतात, आणि पेढ्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. त्या गर्दीत तो तरुण सुटे पैसे मोजून देत असतो. उभा राहताना तो डाव्या पायावर भार देत नाही, हे आता आमच्या लक्षात येते. निबंध वाचण्याआधी कित्येक वर्षे आम्ही तिथूनच पेढे घेत होतो, आणि ते आमच्या कधीही लक्षात आलेले नव्हते.